गावच्या वाचनालयात सैनिकी दालन: कामाच्या नोंदी

सातारा जिल्ह्यातलं आमचं गाव फौजींचं. घरटी नाही म्हणता येणार, पण दर दोन घरांआड एक पलटणीतला माणूस निघतो. घराघरांत ट्रंका आहेत, त्यांत मेडलं, कागद, पट्टे आणि काही नको त्या वस्तूसुद्धा आहेत. वाचनालयाच्या मागच्या खोलीत त्यांचं दालन करायचं ठरलं. दुसऱ्या कुठल्या गावाला असं काही करायचं असेल तर आमचा वेळ आणि पैसा कुठे गेला ते कळावं, म्हणून या नोंदी ठेवतो आहे.

५ जानेवारी

ग्रामसभेत विषय मांडला. माजी सैनिक संघटनेचे आबा (निवृत्त सुभेदार) म्हणाले, "वस्तू मागू नका, आधी घरोघरी जाऊन बघा." तसंच ठरवायला हवं होतं. पण उत्साहाच्या भरात कुणीतरी दवंडीसारखा मेसेज गावभर फिरवला: 'जुन्या लष्करी वस्तू वाचनालयात आणून द्या.' दुपारपर्यंत टेबलावर दोन मेडलं, एक पाण्याची बाटली, एक गंजकी संगीन आणि प्लॅस्टिकच्या पिशवीत चार जिवंत काडतुसं जमली.

काडतुसं बघितल्यावर खोली रिकामी केली. ती .३०३ रायफलची होती, पिवळी, बुडाशी 'के' आणि 'एफ' ही अक्षरं. म्हणजे आपल्या खडकीच्या कारखान्यातली, जो १८६९ पासून आहे. आणणारा पोरगा विशीतला. म्हणाला, "पणजोबांच्या पेटीत होती." बिचाऱ्याला वाटलं शाबासकी मिळेल.

६ जानेवारी

सकाळी आबा आणि त्या पोराचे वडील पोलीस ठाण्यात गेले. काडतुसं आमच्या कपाटात ठेवायची नाहीत आणि विहिरीत टाकायची नाहीत, हे पक्कं होतं. विहिरीत टाकणं हा गावोगावचा जुना उपाय आहे. पुढे गाळ काढणाऱ्याच्या हातात काय येईल याचा विचार कुणी करत नाही.

शस्त्र कायदा, १९५९ नुसार परवाना नसताना दारूगोळा जवळ ठेवणं हा गुन्हा आहे. पण त्याच कायद्याच्या कलम २१ मध्ये वाटही दिली आहे: जवळ ठेवण्याचा हक्क संपला असेल तर विनाविलंब जवळच्या ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करायचं. परवानाधारक आजोबा वारले की वारसाला नेमकं हेच लागू होतं. ठाण्यात स्टेशन डायरीला नोंद झाली, पोचपावती मिळाली, घरच्यांना त्रास झाला नाही. आमच्या बाबतीत असं झालं. सगळीकडे असंच होईल याची हमी मी देणार नाही, म्हणून जाताना गावातला एखादा जाणता माणूस सोबत न्यावा.

१४ जानेवारी

नवा नियम: कुणीही काहीही आणायचं नाही. आम्ही घरी जाऊ, वस्तू जिथे आहे तिथेच बघू, फोटो काढू आणि मग ठरवू. पोकळ, जड किंवा खाली पिन-स्क्रू असलेली कुठलीही वस्तू दिसली तर फोटोसुद्धा दारातूनच.

पोलीस निरीक्षकांकडून लेखी काही मिळावं म्हणून अर्ज दिला. तोंडी सगळे "करा, करा" म्हणतात, कागदावर मात्र कुणी सही करत नाही. या अर्जाने पुढचे काही आठवडे खाल्ले. शेवटी आम्हीच भाषा बदलली. 'शस्त्रे प्रदर्शित करण्याची परवानगी' असं मागण्याऐवजी 'शस्त्रे व दारूगोळा वगळून अन्य वस्तूंचे दालन. काही आढळल्यास ठाण्यास कळवू' असं लिहिलं. त्यावर लगेच आवक क्रमांक पडला.

२८ जानेवारी

आज मेडलांचं काम. सात घरं झाली.

पहिल्या महायुद्धात १९१५ अखेरपर्यंत लढाईवर गेलेल्या शिपायाला बहुतेक तीन मिळायची: १९१४-१५ चा तारा, ब्रिटिश वॉर मेडल आणि व्हिक्टरी मेडल. आमच्याकडे बहुतेक घरी दोनच सापडतात. मधलं गायब. कारण सरळ आहे, वॉर मेडल चांदीचं, अडीच-तीन तोळ्यांचं. दुष्काळात ते सोनाराकडे गेलं आणि त्याचे पैंजण झाले. तारा आणि व्हिक्टरी मेडल काश्याचं, त्याला सोनार काय देणार? म्हणून ती राहिली. एका काकींनी तर पायातले वाळे दाखवून "हे त्येच हाय" म्हणून सांगितलं. त्यांचाही फोटो घेतला, माझ्या मते तो दालनातला सगळ्यात खरा ऐवज आहे.

मेडल हातात आलं की आधी कड बघायची. मेडलाच्या कडेवर नंबर, हुद्दा, नाव, पलटण ठोकलेली असते. ताऱ्याला कड नाही, त्याचं नाव पाठीवर. या अक्षरांशिवाय मेडल म्हणजे नुसतं काशाचं चकतं. आणि नेमकी हीच अक्षरं चिंच-राखेने घासून घासून पुसली गेली आहेत. दर दसऱ्याला पूजेआधी मेडलं लखलखीत करायची घरोघर पद्धत. एका व्हिक्टरी मेडलावर आता 'महा' आणि '११०' एवढंच उरलं आहे, तेही भिंगातून, दिवा आडवा धरून. घासणं थांबवा, हे सांगायला आम्हाला सात घरी सात वेळा चहा प्यावा लागला.

एका दुकानात मोठं काशाचं चकतं वजन म्हणून वापरात होतं, साधारण १२० मिलिमीटर रुंद. हे मृत सैनिकाच्या घरी पाठवलेलं स्मृतिफलक. त्यावर नाव उठावात असतं, हुद्दा मुद्दाम घातलेला नसतो, म्हणजे शिपाई आणि कर्नल सारखेच. दुकानदाराला माहीत नव्हतं की ते त्याच्याच चुलत पणजोबांचं आहे. आडनाव ताडून बघितल्यावर कळलं.

११ फेब्रुवारी

ज्याची धास्ती होती ते आज दिसलं.

मळ्यातल्या एका घरी, कोनाड्यात, उदबत्तीच्या घराशेजारी मिल्स बॉम्ब, म्हणजे हातगोळा (ग्रेनेड). अननसासारख्या चौकडीच्या खाचा, वर तरफ, पिनेच्या जागी गंजकी तार. तात्या म्हणाले, "आवं, माझ्या आज्ज्यापासनं हाय. पोरं त्याच्याशी खेळल्यात. काय व्हतंय त्येला?"

हे वाक्य ज्याला ऐकायला येईल त्याने पुढे वाचावं. काही झालं नाही म्हणजे होणार नाही असं नव्हे. उलट दर वर्षी लोखंड खातं आहे. तरफ दाबून धरणारी पिन जितकी जुनी तितका भरवसा कमी. आणि या जातीतलं '३६ एम' हे मॉडेल मेसोपोटेमियासाठीच (आताचं इराक) बनवलेलं, उष्ण दमट हवेत भराव खराब होऊ नये म्हणून लाखेने बंद केलेलं. म्हणजे टिकण्यासाठीच केलेली वस्तू आपल्या कोनाड्यात टिकली आहे.

सरावाच्या बॉम्बला अंगावर आरपार भोकं पाडलेली असतात, हे आबांना ठाऊक होतं. दारातून तरी भोकं दिसत नव्हती. तात्यांचा धाकटा म्हणाला, "उचलून वजन बघू का? रिकामा असंल तर हलका लागंल." आबांनी त्याचं मनगट धरलं. वजन करायला उचलावं लागतं, आणि उचलायचंच नाही. उलटापालटा करायचा नाही, बुडाचा स्क्रू फिरवायचा नाही, तेल लावायचं नाही, पाण्यात टाकायचा नाही, पोत्यात घालून मोटरसायकलवरून ठाण्यात न्यायचा नाही. मागे एका गावच्या सरपंचांनी असंच एक डिकीत घालून ठाण्याच्या टेबलावर ठेवलं होतं. ठाणं रिकामं झालं.

घरातली सगळी माणसं, म्हैस आणि कोंबड्यासुद्धा बाहेर काढल्या. मळ्याच्या वाटेला दोन्ही टोकांना माणसं उभी केली. ११२ ला फोन केला. सांगताना तीनच गोष्टी सांगितल्या: काय दिसतंय, कुठे आहे, कुणी हात लावलेला नाही.

११ फेब्रुवारी, रात्री

आधी ठाण्याची गाडी आली, मग जिल्ह्याचं बॉम्ब शोधक व नाशक पथक. सोबत कुत्रा, वाळूची पोती, लांब दांड्याची उपकरणं. त्यांच्या कामाबद्दल मी इथे लिहीत नाही. ते शिकायचं नाही, त्यांच्यावर सोडायचं.

पंचनामा झाला. पंच म्हणून मी आणि शेजारचे दोघे. सगळ्यात जास्त वेळ तात्यांना समजावण्यात गेला. त्यांना केसची भीती नव्हती, वस्तू जाण्याचं दुःख होतं. "आज्ज्याची येवढीच तर खूण हाय." आबांनी पेटीतली कागदं मागितली, आणि पेटीत आज्ज्याचं डिस्चार्ज सर्टिफिकेट निघालं, नाव, गाव, ठशासकट. तात्यांनी ते आयुष्यात वाचलं नव्हतं, कारण ते इंग्रजीत होतं. आबांनी ओळ न ओळ वाचून दाखवली. बॉम्ब गेला तेव्हा तात्या कागदाकडे बघत होते.

४ मार्च

ठाण्यातून कळलं: आत भराव होता, डिटोनेटर (भराव पेटवणारी नळी) नव्हता. न्यायालयाची परवानगी घेऊन पथकाने खाणीत नाश केला. डिटोनेटर नाही म्हणून निर्धोक, असं समजू नये, स्फोटक ते स्फोटकच. तात्यांच्या मुलाने रिकामं कवच परत मागितलं होतं. मिळालं नाही आणि मिळणारही नव्हतं. कायद्याच्या व्याख्येत ग्रेनेड हा दारूगोळा, आणि दारूगोळ्याचे सुटे भागही दारूगोळाच. दालनात आता कोनाड्याचा फोटो आणि त्याखाली डिस्चार्ज सर्टिफिकेट आहे.

९ मार्च

पितळी तोफगोळ्याच्या पुंगळ्या. गावात तीन आहेत: एक काठ्या-छत्र्या ठेवायला, एकीत तुळस, एक देवळात घंटा म्हणून टांगलेली. देवळातलीचा आवाज सुरेख आहे, ती तिथेच राहू द्या म्हटलं.

पुंगळी उडालेली असली, आत काही नसलं, तरी बुडातली टोपी (प्रायमर) बघावी लागते. तिच्यावर आघाताची खूण नसेल तर ती शाबूत असू शकते. छत्र्यांच्या पुंगळीवर खूण स्पष्ट होती. तुळशीच्या बुडावर शेणाचा थर होता, तो खरवडायला गेलो नाही, ठाण्याच्या माणसाला दाखवली. खूण निघाली.

याच दिवशी एकाने नगर, म्हणजे आता अहिल्यानगर, भागातून आणलेले लोखंडी तुकडे दाखवले. सरळ नकार. लष्कराच्या के. के. रेंजच्या आसपास सरावानंतरचं भंगार वेचताना माणसं मेल्याच्या बातम्या आपण वाचतो, तरी हा धंदा थांबत नाही. वर्धा जिल्ह्यात पुलगावजवळ नोव्हेंबर २०१८ मध्ये जुना दारूगोळा नष्ट करताना स्फोट झाला, सहा जण गेले, आणि तो तर अधिकृत कामाच्या जागी. रेंजवरचं भंगार हा इतिहास नाही. ते कालचं आहे आणि सरकारचं आहे.

२३ मार्च

संगीन आणि ठासणीची बंदूक.

संगीन ली-एनफिल्ड रायफलची, १९०७ च्या पॅटर्नची, पातं सतरा इंच. दुसऱ्या महायुद्धात भारतात त्याची आखूड, बारा इंची आवृत्ती निघाली. आमची लांब आहे, म्हणजे आधीची. नऊ इंचांहून लांब पात्याची संगीन, तलवार, कट्यार शस्त्र नियमांच्या यादीत येते. महाराष्ट्रात तलवारी बाळगल्याचे गुन्हे सर्रास दाखल होतात. 'भिंतीवर लावायला आहे' हे उत्तर चालेल असं धरून बसू नये. मालकाने ती ठाण्यात दाखवली, जिल्हाधिकारी कार्यालयात अर्ज केला. तोवर दालनात नाही.

ठासणीच्या बंदुकीवर मात्र वाद झाला. एक वकील म्हणाले, कलम ४५ मध्ये पुराण्या बनावटीच्या शस्त्राला सूट आहे. आहे, पण वाक्य पूर्ण वाचलं पाहिजे: दुरुस्ती करून किंवा न करता, कशीही बंदूक म्हणून वापरता येणार नाही अशीच वस्तू. ठासणीची बंदूक गावचा लोहार आठवड्यात चालू करून देईल. मग सूट कुठली? आणि हे ठरवणारे आपण नव्हेच. बंदूक घरच्यांनी जमा केली. आबा नाराज, कारण ती त्यांच्याच घरची होती.

७ एप्रिल

कागद. इथे मोठं नुकसान आधीच झालेलं होतं. एका घरी डिस्चार्ज सर्टिफिकेट प्रेमाने लॅमिनेट करून घेतलेलं. उष्णतेने शाई तपकिरी झाली, आत हवेचे बुडबुडे राहिले, आणि ते आता काढता येत नाही. काढायचा प्रयत्नही करू नये, कागदच प्लॅस्टिकबरोबर येतो. स्कॅन केलं आणि सावलीत ठेवलं.

मोडीतली तीन पत्रं मिळाली. पुण्याहून मोडी वाचणाऱ्या एका बाईंनी फोनवरच्या फोटोंवरून पहिलं पत्र लावून दिलं. त्यात लढाईबद्दल अवाक्षर नाही. बैलाची चौकशी, उसन्या पैशांचा हिशोब, आणि 'येथे पीठ चांगले मिळत नाही'. सेन्सॉर पत्रं वाचायचा, त्यामुळे लिहिणाऱ्याने जपून लिहिलं असणार. पण मला वाटतं त्याला बैलाचीच काळजी होती.

२९ एप्रिल

तारीख मुद्दाम निवडली. २९ एप्रिल १९१६ ला मेसोपोटेमियातल्या कुत गावी वेढ्यात अडकलेली आपली फौज तुर्कांना शरण गेली. सहावी (पूना) डिव्हिजन, जनरल टाउनशेंडच्या हाताखाली, १४७ दिवस वेढ्यात. १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी आत होत्या. घोड्याचं मांस खायचं की नाही यावरून हिंदी शिपाई अडून बसले, कित्येक उपाशीच खंगले. आमच्या गावची तीन नावं याच वेढ्याशी जुळतात.

नावं जुळवताना एक घोळ सगळ्यांचाच होईल, म्हणून सांगतो. घरचे म्हणतात "आमचे पाचव्या मराठात होते", आणि मेडलावर '११०'. दोन्ही बरोबर असू शकतं. १९२२ मध्ये फेररचना झाली, सगळ्या मराठा पलटणी मिळून पाचवी मराठा लाइट इन्फंट्री झाली आणि जुनी ११० ही तिची तिसरी बटालियन (३/५) झाली. म्हणजे पणजोबा ११० मध्ये आणि आजोबा ३/५ मध्ये असतील तर पलटण एकच. इटलीत जुलै १९४४ मध्ये व्हिक्टोरिया क्रॉस मिळवणारे रायगडचे नाईक यशवंत घाडगे याच ३/५ चे. हे कळल्यावर एका घरातला जुना भांडणाचा विषय मिटला. दोन भाऊ वर्षानुवर्षं एकमेकांचं म्हणणं खोटं ठरवत होते.

राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाच्या यादीत मृतांची नावं शोधता येतात. इंग्रजी स्पेलिंगवर जाऊ नका. सखाराम हे नाव आम्हाला तीन वेगवेगळ्या स्पेलिंगांनी सापडलं. बापाचं नाव आणि तालुका घेऊन शोधलं की लवकर मिळतं.

१८ मे

मुंबईतल्या एका पुतण्याने फोन केला: विलायतेतला एक गिऱ्हाईक तारा आणि व्हिक्टरी मेडलच्या जोडीला चांगली किंमत देतो आहे, कुरिअरने पाठवायचं. रक्कम ऐकून घरचे डळमळले.

१९७२ च्या पुरावशेष कायद्यात शंभर वर्षांवरची ऐतिहासिक वस्तू पुरावशेष ठरते, आणि खासगी माणसाला ती देशाबाहेर पाठवता येत नाही. पहिल्या युद्धाची मेडलं आता शंभरी ओलांडलेली आहेत. देशातसुद्धा असल्या वस्तूंचा व्यापार करायला परवाना लागतो. मी एवढंच सांगितलं आणि गप्प बसलो, वस्तू त्यांची आहे. मेडलं अजून घरीच आहेत, दालनात नाहीत. पुतण्या माझ्याशी बोलत नाही.

२१ जून

कपाटाचा खर्च: सुताराचे १८,५०० रुपये, काच ६,२००, कुलपं आणि बिजागरी ९००. आत शोभा म्हणून हिरवी बनात (लोकरीचं कापड) लावली, ती २,१०० ची. ही बनात पुढे महागात पडली.

१९ जुलै

पावसाळी हवेत आमच्याकडचं एकुलतं एक चांदीचं वॉर मेडल महिन्याभरात काळं पडलं. आधी वाटलं ओल. सिलिका जेलच्या पुड्या टाकल्या, फरक नाही. मग सोनाराने बनातीकडे बोट दाखवलं: लोकरीत गंधक असतं, बंद काचेत चांदी त्याच्याजवळ ठेवली की काळवंडणारच. बनात उपटली. खाली धुऊन खळ काढलेला साधा मांजरपाट घातला, ३४० रुपयांत काम झालं. मेडलाला हात लावला नाही. काळं तर काळं, अक्षरं शाबूत आहेत.

प्लायवूडचा वासही अजून जात नाही. काच दिवसा उघडी ठेवतो. पुढच्या कपाटाला लोखंडी सांगाडा करणार, सुताराला सांगून टाकलं आहे आणि तोही नाराज आहे.

३ ऑगस्ट

बाकी कामं: संगिनीच्या अर्जाचं उत्तर आलेलं नाही. उरलेली दोन मोडी पत्रं वाचून व्हायची आहेत. मराठा लाइट इन्फंट्रीच्या बेळगावच्या रेजिमेंटल सेंटरला अकरा नावांची यादी पाठवली आहे. वरच्या आळीतली घरं अजून बघायची आहेत, आणि तिथल्या एका म्हातारबांनी निरोप धाडला आहे की त्यांच्या माळ्यावर "लोखंडी नारळ" आहे. म्हातारबांना सांगितलं, माळ्यावर कुणी चढू नका, शिडी काढून ठेवा. उद्या सकाळी ठाण्याच्या माणसाला घेऊन जातो आहे.